कुंकवाखालचा बोर्ड

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या छतातून मालगाडी जाते. छतातून म्हणजे वरच्या खोलीतून. तिथं चारही भिंतींना लागून प्लायवूडची फळी ठोकलेली आहे आणि फळीवर रूळ आहेत. त्यांवर वीतभर लांबीचं डिझेल इंजिन धावतं, मागे कोळशाचे डबे. कोळसा मात्र माझ्या हातचा आहे, नारळाच्या करवंट्या जाळून, खलबत्त्यात कुटून करून दिलेला. मी खाली दिवाणावर पदर ओढून पडलेली असते. धड झोप नाही, धड जाग नाही. डोक्यावर इंजिन धडधडत फिरतं. पुलावर आलं की आवाज पोकळ होतो, बोगद्यात शिरलं की दबतो, बाहेर पडलं की पुन्हा मोकळा. मग ती गाडी मला माझ्या माहेरच्या बागेमागून जाताना दिसते. नरखेडकडे आमची संत्र्याची बाग, बागेमागे रूळ. झाडांना पाणी सोडलेलं असतं, विहिरीवरची मोटर चालू असते, मी परकर पोलक्यात उभी असते आणि माझ्या खांद्याला एसटीची खाकी बॅग असते. त्या वयात बॅग कुठून आली, असं मी स्वप्नात कधी विचारत नाही.

गाडी चालवतात ते आमचे हे. रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, पण ह्यांना तो शब्द कपड्याला इस्त्री केल्यासारखा वाटतो. आणि मी एसटीची. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून माझी नोकरी झाली. माईकवर नरखेड, काटोल, उमरेड अशा गाड्या पुकारायच्या आणि मधल्या वेळात लोकांची कटकट ऐकायची. घरात एक माणूस रेल्वेचा आणि एक एसटीचा म्हटल्यावर काय होणार ते वेगळं सांगायला नको. ह्यांचं म्हणणं, एसटी म्हणजे वाटेत हात दाखवला की थांबणारी बाई. माझं म्हणणं, तुमची मालगाडी तरी काय, कुठल्यातरी जंगलात सिग्नल नाही म्हणून अर्धा दिवस उभी, माणसाला ना पाणी ना चहा. संसार असाच झाला. भांडून मजेत.

ह्यांना एका गोष्टीचा भारी तोरा होता, तो डोळ्यांचा. ड्रायव्हरचे डोळे रेल्वे सारखे तपासते. रंग नीट दिसला नाही तर माणूस इंजिनावरून खाली. हे दर वेळी तपासून आले की दारातूनच सांगायचे, पास. जसं काही कुणी पोर बोर्डाच्या परीक्षेत पहिलं आलं. रिटायर झाले आणि साखरेनं नेमके डोळेच धरले. उपचार झाले, डोळ्यांत इंजेक्शनं झाली, पण पडदा गेला तो गेला. आधी पेपर गेला, मग माणसांचे चेहरे, मग रंग. आता उजेड कुठल्या खिडकीतून येतो तेवढं कळतं.

मी त्या दिवसांत देवाशी बोलणं टाकलं होतं. एवढी माणसं जगात डोळे असून फोनवर फालतू काहीबाही बघत बसतात, त्यांचे राहिले आणि ह्यांचे गेले. हा काय न्याय झाला? राग होता मला, आणि अजून आहे, खोटं कशाला बोलू.

त्यातून ह्यांना उठवून बसवलं ते ह्या इंजिनानं. ते आलं होतं ह्यांच्या रिटायरमेंटला. लेक आणि जावयानं दिलं. पुण्याचा एक गृहस्थ बाहेरदेशातली छोटी इंजिनं आणून त्यांना आपल्याकडचा रंग देतो, आवाजही घालतो. ज्या जातीचं डिझेल ह्यांनी उमेदीच्या वर्षांत चालवलं, त्याच जातीचं हे. पोटात एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड, त्यावर आवाज भरलेला. चालू केलं की आधी खोकतं, मग धडधडतं, हॉर्न तर असा की शेजारच्या बाईनं पहिल्या दिवशी गच्चीवर येऊन पाहिलं. डोळे होते तेव्हा हे इंजिन कौतुकानं कपाटावर असायचं. डोळे गेले आणि ते कानांसाठी खाली आलं. ह्यांनी सगळी फळी पाठ केली. पूल कुठं, बोगदा कुठं, नरखेड नावाचं छोटं स्टेशन कुठं, ते आवाजावरून बरोबर ओळखायचे आणि स्टेशनात इंजिन असं उभं करायचे की फलाटाच्या बाहेर बोटभरही जात नसे. डॉक्टर म्हणाले होते, माणूस चालता राहिला पाहिजे, पडून राहिला की संपला. तर हे रोज दुपारी कठडा धरून जिना चढायचे. इंजिन चालवायला म्हणून चढायचे, माझ्या किंवा डॉक्टरच्या सांगण्यावरून नव्हे.

मला मात्र त्या खोलीत काम नव्हतं. मी दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसायची. फार तर डबा रुळावरून उतरला तर बसवून द्यायचा. बाकी हे आणि त्यांचं इंजिन. दोघांच्या बोलण्यात मध्ये पडावं असं मला कधी वाटलं नाही.

आता दसऱ्याचं सांगते, कारण सगळा घोटाळा तिथला आहे. रेल्वेच्या शेडमध्ये दसऱ्याला इंजिनांची पूजा होते. हार, नारळ, लिंबू, सगळं साग्रसंगीत. घरी मी विळीला, शिलाई मशीनला, स्कूटरला हळदकुंकू लावायची. हे इंजिन आल्यावर ह्यांनी तेही पाटावर ठेवलं. मी वरून कुंकू लावणार तर म्हणाले, टपाची कसली पूजा, पूजा आतल्याची. आणि बारीक स्क्रू काढून वरचं टरफल अलगद बाजूला केलं. आत हिरवा बोर्ड, त्यावर मुंगीएवढे बारीक भाग आणि मधोमध एक पांढरं, कपाळासारखं स्वच्छ स्टिकर. मी ओलं कुंकू घेतलं तसा माझा हात धरला. करंटाला पाणी चालत नाही म्हणून खोबरेल तेलात कालवायला लावलं. आणि बोट नेमकं त्या स्टिकरवर टेकवायला सांगितलं, म्हणजे कुठल्या तारेला धक्का नको. किती काळजी, किती डोकं! तेव्हापासून दर दसऱ्याला टरफल निघालं आणि माझं बोट तिथंच टेकलं. दिसेनासं झाल्यावरही स्क्रू हेच काढायचे, चाचपून.

मागच्या दसऱ्यानंतर, दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता, तेव्हाची गोष्ट. मी खाली अशीच अर्धवट झोपेत. गाडी बागेमागून चालली होती आणि एकाएकी बाग गप्प झाली. मी डोळे उघडले. छतात काही नाही. वर गेले तर इंजिन फिरत होतं, दिवा लागला होता, डबे मागे होते, पण आवाज नव्हता. हे खुर्चीवर मान वाकडी करून बसले होते. मला विचारलं, चालू आहे का बंद आहे? मी म्हटलं, चालू आहे, बोगद्यातून येऊन राहिलं. त्यांनी गाडी थांबवली आणि हात मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी जिना चढले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजले. मी म्हटलं, चला वर, नुसतं बसू. तर म्हणाले, झोपू दे. बोलणंच सोडलं. जेवण ताटात ठेवलं की खायचे, उचललं की हात पुसायचे. आमच्या घरात भांडणसुद्धा बंद झालं, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. दुपारी झोपेत त्यांचा उजवा हात चादरीवर हळूहळू सरकायचा, हँडल ओढल्यासारखा. मी शेजारी बसून तो हात बघायची. कुठली गाडी चालवत असतील, कोळसा उमरेडकडून भरला असेल की कसं, असं काहीबाही मनात यायचं आणि माझेच डोळे मिटायचे.

मग मी पदर खोचला आणि पुण्याला फोन लावला. त्या गृहस्थाला मी भाऊ म्हणते, तो मला काकू म्हणतो. भला माणूस आहे, फक्त बोलतो पुस्तकासारखं. त्यानं सगळं ऐकून सांगितलं की बोर्डावरचा आवाजाचा भाग जळला असणार. कशानं, ते सांगता येत नाही. बोर्डच बदलावा लागेल, आणि बदलण्याआधी त्याचं व्हर्जन कळायला हवं. ह्या इंजिनात दोन व्हर्जनचे बोर्ड आले, जुना आणि नवा. दिसायला जुळे, पण काही तारांची जागा दोघांत उलट. चुकीचा लावला तर बोर्ड तर जळेलच, जाताना मोटरही घेऊन जाईल. त्यातून जुन्यातला एकच त्याच्याकडे उरला होता आणि कंपनीनं तो बनवणं बंद केलं होतं. मी इंजिन पार्सलनं पाठवू म्हटलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. दिवसभरातलं पहिलं वाक्य.

"इंजिन पार्सल ओढते. पार्सलात जात नाही."

एकदा पाठवलं होतं, तेव्हा पायऱ्या आणि डबे जोडायचं कपलिंग मोडून आलं होतं. ते ह्यांच्या डोक्यात बसलं होतं. मी वाद घातला नाही. बोलले ना, तेच खूप झालं.

भाऊनं सांगितल्याप्रमाणे मी टरफल काढलं. आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू मी काढले, चष्म्यावर चष्मा लावून. तारा दिसाव्यात म्हणून कडेनं फोटो काढून त्याला मोबाइलवर पाठवले. तो म्हणाला, दोन्ही असेच दिसतात. मधोमध पांढरं स्टिकर असेल, त्यावरचं शेवटचं अक्षर तेवढं सांगा. मी म्हटलं, मधोमध लाल आहे. तो म्हणाला, लाल स्टिकर कधी आलेलंच नाही. मी म्हटलं, अहो माझ्या समोर आहे, लालभडक. आणि बोलता बोलता माझं लक्ष माझ्याच बोटाकडे गेलं.

माझंच कुंकू. वर्षानुवर्षाचं, तेलात कालवलेलं, कागदात मुरलेलं. पाण्याचं असतं तर झटकलं गेलं असतं. करंटाला जपायला म्हणून तेल घेतलं आणि तेलानं तो कागद पिऊन टाकला. कापसाला स्पिरिट लावून मी जरासं पुसलं तर अक्षरासकट कागदाचा लगदाच हातात आला. भाऊला सांगितलं. तो म्हणाला की एवढ्या वर्षांत लोकांनी बोर्डावर चहा सांडलेला पाहिला, झुरळ मेलेलं पाहिलं, पण बोर्डाला कुंकू पहिल्यांदाच. मला हसूही आलं आणि रडूही.

दुसरा उपाय होता. गाडी ज्यावरून चालवतात तो कंट्रोलर मोठा असला तर म्हणे इंजिनालाच विचारता येतं, बाबा तू कुठल्या व्हर्जनचा, आणि ते सांगतं. आमचा कंट्रोलर साधा. तो हुकूम सोडतो, उत्तर ऐकत नाही. मी ह्यांना म्हटलं, तुमच्यावरच गेला आहे. ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हललं, पण भिंतीकडचं तोंड काही वळलं नाही.

तेल त्या बोर्डाला बाधलं की काय, ही टोचणी मला होतीच. ती मी कुणाला सांगितली नाही. रोज सकाळी वर जाऊन ते उघडं इंजिन बघायची आणि खाली यायची. माहेराहून एसटीनं संत्र्याचं पोतं आलं, घरभर वास सुटला. एरवी हे पहिलं संत्रं सोलून त्यातली आंबट फोड मला द्यायचे, हा आमचा जुना खेळ. ह्या खेपेला मी सोलून हातात दिलं तरी फोड तशीच हातात धरून बसले.

त्या दुपारी मला राग आला. कुणाचा ते कळलं नाही. मी ह्यांचा हात धरला आणि सरळ जिन्याकडे ओढलं. म्हटलं, आवाज नाही तर नाही, मी आहे ना. एवढी वर्षं माईकवर साऱ्या विदर्भाच्या गाड्या पुकारल्या, तुमची एक गाडी पुकारता येणार नाही मला? तुम्ही इंजिनात दोघं असायचे तसेच बसू.

हे दोघांचं ह्यांनीच मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक. पुढचा सिग्नल दिसला की सहायक मोठ्यानं रंग सांगतो आणि ड्रायव्हर तोच रंग मोठ्यानं परत म्हणतो. दोघांना दिसत असतो, तरी म्हणायचाच. दोन तोंडांतून निघाल्याशिवाय तो सिग्नल पाहिला असं होत नाही. थंडीत, पहाटे, डोळ्यांवर झोप असताना ह्या म्हणण्यानंच गाड्या सांभाळल्या, असं ते सांगायचे. आणि सिग्नल लाल असून फार वेळ झाला तर लांब हॉर्न द्यायचा, म्हणजे स्टेशनात कळतं की बाबा गाडी उभी आहे, आमच्याकडे बघा.

आमच्या फळीवर सिग्नल होतेच, जावयानं हौसेनं लावलेले, खाली बटणं. नावालाच होते. आता ती बटणं माझ्या हाताखाली आली. मी शेंगांची टोपली दूर सारली आणि खुर्ची ह्यांच्या खुर्चीला लावली. टरफल बसवलं, गाडी जोडली आणि घसा साफ केला.

"पूल आला. पुढं पिवळा."

इंजिन पुलावर चढलं. मी पुन्हा म्हटलं, पुढं पिवळा. इतका वेळ गेला की मला वाटलं आता उठून जातील. मग खालच्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, पिवळा. आणि गती कमी केली.

त्यानंतर किती दुपारी तशा गेल्या, मला मोजता येणार नाही. थंडी पडली होती. खिडकीतून ऊन फळीवर यायचं, हळूहळू पूल ओलांडून नरखेडात शिरायचं. मी सांगायची, ते म्हणायचे. बोगदा. बोगदा. हिरवा. हिरवा. मधूनच मी माझंही घुसडायची, काटोलकडे जाणारी जलद बस फलाट क्रमांक अमुक, आणि हे चिडायचे, अवं मालगाडीच्या रुळावर बस कुठून आणली? चिडले की मला बरं वाटायचं. कधी आम्ही दोघंही खुर्चीतच पेंगायचो आणि गाडी आपली निवांत फिरत राहायची, आवाजाशिवाय, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. जाग आली की मी म्हणायची हिरवा, आणि ते झोपेतच म्हणायचे हिरवा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या इंजिनात मी पहिल्यांदा बसले होते. मला ते फार आवडलं होतं. स्वच्छ सांगते, बोर्ड मिळाला नाही तरी चालेल, असंही एकदा मनात येऊन गेलं.

पण ह्यांचा कान बिघडलेल्या गोष्टीवरून हटत नाही. एका दुपारी गाडी अगदी रांगत स्टेशनात घेत होते आणि थांबले. मला म्हणाले, इंजिनाजवळ कान ने. मी नेला. काही नाही. हळू चालवलं तेव्हा आलं. बारीक गुणगुण, कानाशी चिलट आल्यासारखी. गती वाढवली की जायची, कमी केली की परत. ह्यांना ती कधीपासूनच ऐकू येत होती. सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी धरून ठेवलं होतं की आता मोटरही जायला लागली.

"हे गेलं तं मंग मले वर आणू नको वं," ते म्हणाले.

मी लगेच पुण्याला फोन लावला, मोबाइल रुळापाशी धरला आणि ह्यांना हळू चालवायला सांगितलं. भाऊ म्हणाला, पुन्हा. आणखी हळू. पुन्हा. मला वाटलं, हा आता वाईट काहीतरी सांगणार आणि मी ते ह्यांच्या तोंडावर कसं सांगू.

"काकू, मोटर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "ही गुणगुण जुन्या बोर्डाची. नव्यात कंपनीनं ती काढून टाकली. तुमचा जुनाच."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याला पुन्हा बोलायला लावलं. हे खुर्चीत ताठ बसले. इतकी वर्षं तो बोर्ड आपलं व्हर्जन सांगतच होता. पण भाऊनंच घातलेल्या डिझेलच्या धडधडीखाली ते कुणाला ऐकू जाणार? आवाज गेला म्हणून ऐकू आलं. माझ्या कुंकवानं झाकलं ते ह्यांच्या कानानं उघडं केलं, आणि मी खुशाल रडून घेतलं. ह्यांनी विचारलं, काहून रडून राहिली, तर म्हटलं सर्दी झाली.

तो शेवटचा जुना बोर्ड आला, काड्यापेटीहून थोड्या मोठ्या डबीत. तारांच्या टोकांना बारीक पिना होत्या, एकेक जळक्या बोर्डातून काढून ह्यात तिथंच खोचायची. हे इंजिन दोन्ही हातांत धरून बसले आणि मी भुवयांच्या चिमट्यानं पिना खोचल्या. ह्या बोर्डावरही मधोमध पांढरं स्टिकर होतं, अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. कुंकू आता कुठं लावायचं त्यावर थोडी बाचाबाची झाली आणि चाकांवर लावायचं असं ठरलं.

टरफल बसवलं, चालू केलं. आधी खोकलं, मग धडधडलं. ह्यांचा चेहरा पाहायला हवा होता. फळीवर हात ठेवून बसले होते आणि इंजिनाची थरथर बोटांतून वर चढून खांद्यापर्यंत गेलेली मला दिसत होती. गाडी निघाली. मी म्हणणार होते, पूल आला, पण पूल आलेला त्यांना ऐकूच आला होता. बोगदा आला तोही. नरखेडात गाडी उभी केली, फलाटाला बरोबर. माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

दोन फेऱ्या मी बसले. मग लक्षात आलं की आपण उगाच बसलो आहोत. आनंदाचा दिवस होता आणि मला वाईट वाटत होतं. स्वतःचाच राग आला. बाई गं, ज्यासाठी एवढा जीव काढला ते झालं ना, मग आता तुला काय होतंय? मी उठले. सगळे सिग्नल हिरवे करून ठेवले आणि तसं सांगितलंसुद्धा, की सगळे हिरवे आहेत, आता खुशाल चालवा, मी चहा ठेवते. टोपली उचलली आणि खाली आले.

खाली छतातून गाडी जात होती, पहिल्यासारखी. मी पातेल्यात पाणी घातलं. पूल, बोगदा, मोकळा रूळ, सगळं मला खालूनही कळत होतं. आलं किसत होते आणि आवाज थांबला. म्हणजे बंद नाही पडला, इंजिन जागेवरच धडधडत राहिलं. मग हॉर्न वाजला. लांब. मी म्हटलं, लागले पुन्हा शेजारणीला छळायला. पुन्हा वाजला, पहिल्याहून लांब. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी गॅस बारीक केला आणि जिना चढले. काही जळलं असेल तर आता दुसरा बोर्ड जगात नाही.

काही जळलं नव्हतं. इंजिन नरखेडच्या सिग्नलपाशी उभं होतं. सिग्नल हिरवा होता. हे जिन्याकडे तोंड करून बसले होते, एक हात हॉर्नच्या बटणावर. माझी खुर्ची होती तिथंच, त्यांच्या खुर्चीला लागून.

मी म्हटलं, काय झालं? सांगून गेले होते ना, सगळे हिरवे आहेत म्हणून.

"तू म्हटल्याशिवाय मले दिसत नाही," ते म्हणाले.

मी पदरानं हात पुसले आणि बसले. खाली चहा उकळत होता, उकळू दे म्हटलं. घसा साफ केला, माईकवर बोलायच्या आधी करायची तसा.

"हिरवा," मी म्हटलं.

"हिरवा," ते म्हणाले, आणि गाडी सोडली.